तुमच्याकडून होईल तितके

बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात प्रेषित पौलाचं एक वाक्य आहे: ‘शक्य असेल तर सर्व माणसांबरोबर तुम्हांकडून होईल तितके शांतीने राहा.’ पवित्र शास्त्रात भव्य वाक्यांना तोटा नाही. तिथं समुद्र दुभंगतो, आंधळे पाहू लागतात, मेलेले उठून चालतात. माझा रोजचा संसार मात्र या साध्या वाक्यावर चालतो. शांती दर वेळी शक्य होईलच असं नाही, हे पौल आधीच कबूल करून टाकतो. ती एकट्याच्या हातात नसते हेही त्याला ठाऊक आहे. पण माझा जो वाटा आहे तो पुरता माझा. समोरच्याने काय केलं, ही सबब तिथं चालत नाही.

आमचं घर इंदूरचं, मराठी आणि ख्रिस्ती. आजोबा नगर जिल्ह्यातून इथल्या कापडगिरणीत कामाला आले आणि इथलेच झाले. अहिल्याबाईंचं चौंडी त्याच जिल्ह्यातलं, याचा आजीला कोण अभिमान! ‘आमच्याकडचीच लेक, तिनं इथं राज्य केलं,’ असं ती शेजारणींना सांगायची. आमच्या चर्चमध्ये उपासना हिंदीत होते, बाहेर पडताना सगळे एकमेकांना ‘जय मसीह की’ म्हणतात. घरी मात्र प्रार्थना मराठीत, भजनं मराठीत, आणि नगरचे पाहुणे आले की ‘सलाम’. इमारतीत बहुतेक घरं मराठी, तीन-चार जैन नि माहेश्वरी. दिवेलागणीला खालच्या घरातून ‘शुभं करोति’ ऐकू येतं त्याच सुमाराला आमच्याकडे स्तोत्र वाचून होत असतं. लहानपणापासून हे दोन्ही आवाज एकत्रच कानावर पडत आल्यामुळे मला त्यात कधी काही वेगळं वाटलं नाही.

पौलाने ते वाक्य कुणाला लिहिलं हे कळल्यावर ते मला आणखी जवळचं झालं. पत्र साधारण इ.स. ५७ च्या आसपासचं, करिंथहून लिहिलेलं. रोममध्ये तेव्हा ख्रिस्ती लोक घराघरांत जमत. काही यहुदी वंशाचे, काही बाहेरचे. क्लौद्य बादशहाने यहुद्यांना रोममधून घालवून दिलं होतं; अक्विला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं त्यातलंच, असं बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात लिहिलंय. इ.स. ५४ मध्ये बादशहा वारला आणि माणसं परतू लागली. तोवर त्या घरांतल्या बैठकींची रीत बदललेली होती. आता एकाच मेजाभोवती बसायचं तर प्रश्न उभे राहिले. काय खायचं? कुठला दिवस पाळायचा? चौदावा अध्याय वाचला की ते भांडण स्पष्ट दिसतं. काहीजण सगळं खात, काहीजण फक्त शाकभाजी. म्हणजे शांतीवरचं एवढं थोर पत्र, त्यात अर्धा अध्याय ताटात काय वाढलंय यावरून!

आपल्याकडे ज्याने कुणी इमारतीत, बिऱ्हाडात, चाळीत आयुष्य काढलंय त्याला यात नवल वाटणार नाही. आमच्याकडे रविवारी उपासनेनंतर मटण होतं. खालच्या काकूंकडे चातुर्मासात कांदा-लसूण बंद. वरच्या जैन कुटुंबात पर्युषणाचे दिवस फार कडक. पौल दोन्ही बाजूंना एकाच वाक्यात धरतो: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये, कारण देवाने त्याला जवळ केलं आहे. मला यातलं ‘जवळ केलं आहे’ फार महत्त्वाचं वाटतं. समोरचा माणूस माझ्या पसंतीला उतरण्याच्या आधीच देवाच्या घरात बसलेला आहे. आता मी त्याच्याशी कसं वागते एवढाच प्रश्न उरतो.

म्हणून पर्युषणाच्या दिवसांत आम्ही मासे तळत नाही. एकादशीला काकूंच्या खिडकीखाली वास जाईल असं काही शिजवत नाही. कुणी सांगितलेलं नाही. मुलगा कॉलेजात होता तेव्हा त्याने यावर वाद घातला होता. ‘आई, आपणच का? आपलं घर, आपला गॅस. ते आपल्यासाठी काही बंद करतात का?’ त्याचा प्रश्न रास्त होता आणि मी तो टाळला नाही. उद्या सोसायटीने नियम केला की अमक्या घरात अमकं शिजणार नाही, तर मी मीटिंगमध्ये उभी राहून विरोध करीन आणि त्याने माझ्या शेजारी उभं राहावं असं त्याला सांगितलं. जे हिसकावून घेतलं जातं त्याला प्रीती म्हणता येत नाही. पण जे आपलं आहे, हक्काचं आहे, आणि तरी दुसऱ्याच्या मनासाठी आपण होऊन बाजूला ठेवलंय, ते द्यायला फक्त माझ्याच हातात आहे. पौल नेमकं हेच म्हणतो. तुला खायची मोकळीक आहे, पण अन्नापायी तुझ्या भावाचं मन दुखत असेल तर तू प्रीतीने चालत नाहीस.

नाताळचा फराळ आमच्याकडे दिवाळीसारखाच होतो. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, रव्याचे लाडू. दिवाळीत इमारतीतली ताटं आमच्या घरी येतात, नाताळात आमची सगळीकडे जातात. केक दोन होतात. एक अंड्याचा, आमच्यासाठी. दुसरा दही आणि खायचा सोडा घालून, इमारतीसाठी. भांडीही वेगळी ठेवलीत, आणि हे काकूंना मी एकदा दाखवून ठेवलं, म्हणजे त्यांना मनात शंका ठेवून खायला नको. त्यावर त्या नुसत्या म्हणाल्या, ‘अगं, एवढं काय करून राहिलीस माझ्यासाठी!’ पण तेव्हापासून उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, त्यांच्याकडून न चुकता साबुदाण्याची खिचडी वर येते. ‘तुमचा उपास ना आज?’ आमच्या उपासाला साबुदाणाच लागतो असं काही नाही. तरी त्या दिवशी दुपारची उपासना आटोपून आलो की आम्ही तीच खिचडी खातो, आणि वधस्तंभाच्या दिवशी शेजारणीच्या हातचं अन्न पोटात जाणं मला अगदी योग्य वाटतं.

पाण्याचं प्रकरण याहून कठीण होतं. इंदूरला नर्मदेचं पाणी येतं ते जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, पंपांनी घाट चढवून. १९७८ साली ते शहरात पोचलं. त्या आधीचे हाल आजी सांगायची. एवढ्या लांबून चढून आलेलं पाणी हौदात पडलं की पहिल्यांदा मोटर कुणी लावायची यावरून मात्र आमच्या इमारतीत दोन घरांत बोलणं बंद होण्यापर्यंत गेलं. एक गृहस्थ पहाटे चारला मोटर सुरू करायचे. हौदाचा तळ दिसायचा, दुसऱ्या बाजूच्या टाकीला काही मिळायचं नाही, आणि साडेसहाला जिन्यात आरडाओरडा.

याकोबाच्या पत्रात आहे की माणसाने ऐकायला शीघ्र, बोलायला धीमा आणि रागाला मंद असावं. आम्ही बहुतेक हा क्रम उलटा लावतो. आमच्या यजमानांनी आणि मी ठरवलं की कुणाची बाजू घ्यायची नाही, आधी ऐकायचं. त्या गृहस्थांकडे जाऊन बसलो. पहिला बराच वेळ त्यांनी इमारतीतल्या प्रत्येकाचा हिशेब मांडला आणि आम्ही मध्ये एक शब्द घातला नाही. बोलून बोलून दमल्यावर त्यांनी आतल्या खोलीचं दार लोटलं. आई अंथरुणाला खिळलेली. दिवसातून कितीदा चादरी बदलाव्या, धुवाव्या लागत होत्या, आणि हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. लाज वाटायची, म्हणाले. पहाटे चारची मोटर ही त्या चादरींची मोटर होती. हे कळल्यावर दुसऱ्या बाजूच्या वहिनींनी आपण होऊन सांगितलं, ‘आधी तुमची टाकी भरू दे, दादा. आमचं नंतर चालेल.’ त्या बाई एरवी फटकळ म्हणून प्रसिद्ध आहेत. माणसाच्या रागाखाली काय दडलंय हे समजेपर्यंत त्याच्याजवळ बसण्याइतका वेळ आपल्याकडे असला पाहिजे, असं मला तेव्हापासून वाटतं. शांतीला वेळ लागतो. तो देणं आपल्याकडून होण्यासारखं आहे.

दयेबद्दल बोलताना आपण मनाच्या कोमलतेबद्दल फार बोलतो. येशूने सांगितलेला चांगल्या शोमरोन्याचा, म्हणजे यहुदी ज्यांना परकं मानत त्या शोमरोनातल्या माणसाचा, दाखला पुन्हा काळजीपूर्वक वाचून पाहा. वाटेत अर्धमेला पडलेला माणूस बघून त्या शोमरोन्याला कळवळा आला. भावनेबद्दल एवढा एकच शब्द. पुढे सगळी कामं आहेत. जवळ गेला, तेल आणि द्राक्षारस ओतला, जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली, सकाळी दोन दीनार काढून दिले, आणि वर सांगून गेला की जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. येशूचं लक्ष किती बारीक आहे! उद्याच्या खर्चाचीही सोय त्याने गोष्टीत करून ठेवली.

या शहराने अशी दया पाहिलेली आहे. कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी १८७७ साली माळव्यात आले. पुढे १८८७ मध्ये त्यांनी इथं ख्रिश्चन कॉलेज काढलं. पण मला त्याहून जवळच्या वाटतात त्या दोन डॉक्टर बाया: एलिझाबेथ बीटी आणि मॅरियन ऑलिव्हर. पहिली १८८४ साली आली, दुसरी १८८६ साली. पुरुष डॉक्टरने हात लावायचा नाही म्हणून बाया घरात तशाच मरत, त्या काळात या दोघी समुद्र ओलांडून आल्या आणि इंदूरच्या बायकांच्या नाड्या पाहत बसल्या. उन्हाळा, पटकी, अनोळखी भाषा. भक्तीची एवढी मजबूत व्याख्या मला दुसरी सापडलेली नाही.

आपल्याला रोज एवढं करता येत नाही. पण रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल एक गोष्ट करतो ती कुणालाही जमेल. तो नावं घेतो. फिबी, प्रिस्किल्ला, अक्विला, मरिया, आणखी कितीतरी. ‘रूफ आणि त्याची आई, जी मलाही आईच आहे, त्यांना सलाम सांगा.’ एवढं गहन तत्त्वज्ञान लिहून झाल्यावर हा माणूस कुणाच्या तरी आईची आठवण काढतो. आमच्या घरी सकाळी कचऱ्याची गाडी येते तेव्हा ओला-सुका वेगळा देताना गाडीवरच्या ताईंशी नावाने बोलायचं, त्यांच्या मुलीची परीक्षा कशी गेली ते विचारायचं, हे मी घरात सगळ्यांना लावून दिलंय. शहर स्वच्छतेत देशात पहिलं येतं याचा आम्हा इंदूरवाल्यांना भारी अभिमान. तो पहिला नंबर ज्यांच्या हातांनी येतो त्यांचं नाव माहीत नसणं मला ख्रिस्ती घरात शोभत नाही. नाताळच्या फराळाचं पहिलं ताट त्यांचं असतं.

आता एक अवघड गोष्ट. मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये अधूनमधून असं काही येतं की वाचून जीव दुखतो. आमच्या लोकांबद्दल, आमच्या प्रार्थनेबद्दल. पाठवणारा बहुतेक ओळखीचाच असतो, ज्याच्या घरचा मोदक आपण खाल्लाय असा. मी तिथं उत्तर लिहीत नाही. चारचौघांसमोर उत्तर दिलं की माणूस आपल्या शब्दाला चिकटून बसतो. पण मी गप्पही बसत नाही. एक-दोन दिवसांनी त्यांच्या घरी जाते, चहा पिते आणि सांगते, ‘भाऊ, तुम्ही परवा जे पाठवलंत, ते माझ्याबद्दल होतं. मला वाईट वाटलं.’ एवढंच. कधी समोरचा माणूस ओशाळतो, कधी ‘तुमच्याबद्दल नव्हतं हो ते’ म्हणतो, कधी काहीच म्हणत नाही. तरी मला हे सांगावंच लागतं. यिर्मया संदेष्ट्याने आपल्या काळच्या पुढाऱ्यांना झोडपलं ते यासाठीच, की ‘शांती, शांती’ म्हणत लोकांची जखम वरवर झाकतात आणि शांती तर कुठंच नाही. दुखलेलं न सांगता हसत राहणं ही येशूने दिलेली शांती नव्हे.

हे सगळ्यांत जास्त मला सिस्टर राणी मरिया यांच्याकडे पाहून समजलं. इंदूरच्या ख्रिस्ती माणसाला हे नाव सांगावं लागत नाही. मी प्रोटेस्टंट, त्या कॅथलिक. पण त्या साऱ्या शहराच्या आहेत. केरळातल्या पुल्लुवळी गावात १९५४ साली त्यांचा जन्म झाला. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या सिस्टरांच्या संघात त्या गेल्या आणि १९९२ मध्ये देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आल्या. तिथले आदिवासी शेतकरी सावकारांच्या व्याजात पिचलेले. सिस्टरनी त्यांचे गट बांधले, बँकेचं कर्ज कसं मागायचं, आपला हक्क कुठल्या कचेरीत सांगायचा हे शिकवलं. अत्यंत सौम्य बाई, असं त्यांना ओळखणारे सांगतात. पण ज्यांचं व्याज बुडालं त्यांना ही सौम्यता परवडेना. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये, प्रवाशांच्या देखत, समंदरसिंग नावाच्या तरुणाने त्यांना भोसकून मारलं. वय एक्केचाळीस.

पुढचा भाग मी कितीदा सांगितला तरी प्रत्येक वेळी मला थांबावं लागतं. समंदरसिंगला जन्मठेप झाली. सिस्टरची धाकटी बहीण सेल्मी पॉल, तीही त्याच संघातली सिस्टर, २००२ साली राखीच्या सणाला तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या हाताला राखी बांधली. ज्या हाताने सुरा चालवला त्याच हाताला. पुढे सिस्टरची आईही त्याला भेटून आली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी स्वतः अर्ज केले. २००६ मध्ये तो सुटला आणि त्यानंतर केरळला जाऊन त्या घराच्या उंबऱ्यात उभा राहिला, आणि त्या घराने त्याला आत घेतलं. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्येच सिस्टर राणी मरिया यांना ‘धन्य’ घोषित केलं गेलं; कॅथलिक चर्चमध्ये ही संतपदाच्या आधीची पायरी.

राखी हा काही ख्रिस्ती विधी नाही. मला त्याचंच अप्रूप वाटतं. क्षमा तर येशूने शिकवलेली, पण ती त्या माणसापर्यंत पोचवायची तर त्याला कळेल अशी खूण हवी. माळव्यातल्या गावच्या पोराला बहीण म्हणजे काय ते राखीने कळतं. सेल्मी सिस्टरने त्याच्या ओळखीचा दोरा हातात घेतला. आणि बहिणीच्या बाजूने जे होण्यासारखं होतं, त्यातलं तिने काहीही बाकी ठेवलं नाही. पलीकडून पश्चात्ताप किती खरा, किती खोल, याचं माप घेत ती बसली नाही.

रोज पहाटे घरातले उठायच्या आधी मी थोडा वेळ प्रार्थनेला बसते. त्यात काही मोठं नसतं. एक स्तोत्र, प्रभूची प्रार्थना, आणि मग माणसांची नावं. ज्यांच्याबद्दल मन कडू झालेलं असतं त्यांची नावं आधी घेते, कारण ती मागे ठेवली तर राहून जातात. ‘छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा’ ही येशूची आज्ञा मला पूर्वी फार कठोर वाटायची. आता अनुभवाने सांगते, ज्याचं नाव घेऊन, त्याच्या बायकोच्या दुखण्यासाठी, त्याच्या पोराच्या नोकरीसाठी देवाकडे मागितलं, त्या माणसाशी जिन्यात भेटल्यावर तोंड फिरवता येत नाही. मान आपोआप हलते, ‘कसं काय’ विचारलं जातं. प्रार्थनेने समोरचा बदलतो की नाही हे देवाकडे. माझा आवाज मात्र दिवसभर थोडा खाली राहतो, हे घरच्यांनीही मला सांगितलंय.

आणि तरी ‘शक्य असेल तर’ हे शब्द पौलाने उगीच लिहिलेले नाहीत. आमच्या यजमानांचे थोरले भाऊ नगरला असतात. सासऱ्यांच्या पाठीमागे जमिनीचा वाद झाला, कागद झाले, आणि आमचा हिस्सा आम्ही सोडून दिला तरी दादांचं मन उतरलं नाही. फोन उचलत नाहीत. दर नाताळला ट्रॅव्हल्सच्या बसने फराळाचा डबा जातो. तो मिळाल्याचं मोठ्या जाऊबाई गुपचूप कळवतात. यजमान म्हणायचे, आपण केलं तेवढं पुष्कळ झालं. मला ते पटत नसे, पण मी जोर केला नाही. भाऊ त्यांचा आहे. आता मुलीचं लग्न ठरलंय. पत्रिका पोस्टाने पाठवायच्या यादीत दादांचं नाव मी लिहिलं होतं. ते यजमानांनी स्वतःच्या हाताने खोडलं आणि वेगळ्या कागदावर लिहिलं, समक्ष द्यायच्या पत्रिकांच्या. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, हा मत्तयाच्या शुभवर्तमानातला भाग त्या रविवारी शास्त्रपाठात होता. त्यांनी तो ऐकून ठरवलं की आधीच ठरवलं होतं, मी विचारलं नाही. दादा दार उघडतील का, ते आम्हाला दोघांनाही सांगता येणार नाही. शनिवारी रात्रीच्या गाडीची तिकिटं काढली आहेत.